तलावावरची डोलकाठी

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी भाकरी बांधून घेऊन कामावर निघालो. आई म्हणाली, "आज नको जाऊ रे." मी विचारलं, "का?" ती चुलीकडे वळली. मलाही उत्तर हवं होतं असं नाही.

शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरवणारा मोठा तलाव आहे. त्याच्या बांधाजवळ पत्र्याच्या छपराचा एक लाकूडकामाचा कारखाना होता. कुदळींचे दांडे, हातगाड्यांच्या मुठी, पाण्याची पातळी बघायच्या आकडे घातलेल्या फळ्या, बंगल्यांच्या खिडक्या, असलं सगळं काम तिथे व्हायचं. मी तिथला सुतार. वय सत्तावीस. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट.

माझी बायको बाळंतपणात गेली. मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी ताप चढला, चौथ्या दिवशी संपलं. मुलगी जगली. माझी धाकटी बहीण मुरबाड तालुक्यात, म्हशापासून दोन मैलांवर दिली होती. तिच्या अंगावर सहा महिन्यांचं पोर पीत होतं. तिने आमचं मूलही पदराखाली घेतलं आणि बैलगाडीतून आपल्या घरी नेलं. गाडी निघताना म्हणाली, "दादा, एकदा बघ तरी." मी बघितलं. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी मान हलवली आणि गाडी गेली.

मला रडू आलं नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघत, आता रडेल, मग रडेल. काहींना वाटलं मी घट्ट आहे. काहींना वाटलं, बायको मेल्याचं काही वाटलंच नाही याला. मला स्वतःला काय वाटत होतं ते मी आजही सांगू शकत नाही, कारण तिथे हात घातला तर हाताला काही लागत नव्हतं. एक दिवस जेवून उठलो आणि आई एकदम रडायला लागली. म्हणाली, "आमटीत मीठ नव्हतं रे. तू सगळी खाल्लीस." मला मीठ नसल्याचं कळलंच नव्हतं.

होडी मार्गशीर्षात आली.

जीपच्या मागे दोन चाकांचा लोखंडी गाडा होता आणि गाड्यावर ती बसवलेली होती. पांढरी, सतरा फूट लांब. साहेब त्या गाड्याला ट्रेलर म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. होडीच्या पाठीवर तिची डोलकाठी आडवी बांधलेली होती. ती होडीपेक्षा लांब, बावीस फूट. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं.

साहेब म्हणजे मुंबईहून आलेले तरुण इंजिनियर. तलावाच्या तळाशी किती गाळ साचलाय ते मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. खुणा केलेल्या दोरीला शिसं बांधायचं, तळाला लागेपर्यंत सोडायचं, आकडा लिहायचा, पुढे जायचं. पाणी पिण्याचं, त्यात तेलाचा थेंब पडता कामा नये, म्हणून यंत्राची होडी नको. आणि एवढा तलाव वल्ह्यांनी पालथा घालायचा तर उन्हाळा उलटून जाईल. म्हणून कुणा हौशी माणसाने समुद्रात फिरायला बांधून घेतलेली ही शिडाची होडी त्यांनी मिळवली होती.

होडीबरोबर एक खलाशी आला. अलिबागकडचा, साठीच्या आसपासचा, दाढी पांढरी. जन्मभर गलबतावर गेलेला. सगळे त्याला तांडेल म्हणायचे. त्याने पहिल्याच दिवशी तलावात हात घालून पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"गोरं पानी," तो मला म्हणाला. गोड्याला तो गोरं म्हणायचा, होडीला होरी. "याच्यात होरी जरा खालीच बसंल. खाऱ्या पान्यात जोर असतो."

अडचण होती ती डोलकाठीची. रोज संध्याकाळी होडी पाण्याबाहेर काढून शेडमध्ये ठेवायचा हुकूम होता आणि शेडचं दार आठ फूट उंच. म्हणजे रोज सकाळी काठी उभी करायची आणि रोज संध्याकाळी आडवी. काठीचं बूड होडीच्या टपावर दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये बसायचं आणि पट्ट्यांमधून आरपार एक बोल्ट जायचा. त्या बोल्टावर काठी उठायची, बिजागरीवर फळी उठते तशी. उभी झाली की तिच्या डोक्यापासून निघालेले तारेचे तीन तणावे तिला धरून ठेवायचे, एक पुढच्या टोकाला आणि दोन बाजूंना. बघायला सोपं होतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी दोन मजुरांना पुढे दोर धरून उभं केलं. मी आणि तांडेल होडीत चढलो. होडी ट्रेलरवर, ट्रेलर दोन चाकांवर, त्यामुळे आम्ही पाय हलवला की सगळंच हलायचं. पुढून दोर ओढला तरी काठी जागची उठेना. दोर काठीच्या अंगाबरोबरच आडवा होता. ओढला की काठी बुडाकडे दाबली जायची, वर यायची नाही. शेवटी तांडेलने तिला खांद्यावर घेतलं आणि एकेक पाऊल पुढे सरकत वर ढकललं. मी बुडाशी बसून पट्ट्यांमध्ये काठी सरळ धरून ठेवली होती.

अर्ध्यावर आली तेव्हा वाऱ्याची एक झुळूक आली. फार नव्हती. बाजूचे तणावे तेव्हा ढिले लोंबत होते, ते काठी पूर्ण उभी झाल्यावरच ताणले जायचे. काठी उजवीकडे कलली. तांडेल ओरडला, "सोर! सोर!" आणि खाली उडी मारली. काठी होडीच्या काठावर आपटली, बोल्ट वाकला, एक पट्टी पिळवटली.

साहेब धावत आले. तांडेलचा गुडघा खरचटला होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, रगत बघ!"

मी बघितलं. माझी डाव्या हाताची दोन बोटं पट्टी आणि लाकडाच्या मध्ये सापडली होती. नखं गेली होती, एकाचं हाड दिसत होतं. मी हात सोडवून घेतला आणि खिशातलं फडकं गुंडाळलं.

दवाखान्यात कंपाउंडरने टाके घातले. त्याच्याकडची बधिर करायची सुई संपली होती. तो सारखा माझ्याकडे बघत होता. "ओरडा की," म्हणाला, "इथे सगळेच ओरडतात."

"दुखत नाही फार," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. बोटं माझी होती आणि टाके दुसऱ्या कुणाला पडत होते.

संध्याकाळी तांडेल कारखान्याच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. विडी पेटवली. गुडघा चोळत बराच वेळ बोलत होता. त्यांच्याकडे गलबताची काठी उभी करायची तर सगळं गाव जमायचं, पन्नास-पन्नास माणसं दोराला लागायची, नारळ फुटायचा. ही एवढीशी काठी आणि तिने म्हाताऱ्याला उडी मारायला लावली.

मग त्याने विचारलं, "घरी कोन कोन तुझ्या?"

"आई. बायको."

"पोरंबाळं?"

"एक मुलगी."

"बरंय," तो म्हणाला.

मी असं का सांगितलं ते मला माहीत नाही. खोटं बोलावं असा विचार केला नव्हता. तोंडातून जे नेहमी यायचं ते आलं आणि मी ते परत घेतलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस साहेबांनी कागदावर आकृत्या काढल्या. चांगला माणूस होता. मला "मिस्त्री, तुम्ही जरा बघा" असं म्हणायचा. आमच्याकडे साहेब लोक सुताराला तुम्ही म्हणत नसत. दोनदा पुन्हा करून बघितलं. एकदा सहा माणसं लावली, तर होडीच ट्रेलरवरून घसरायला लागली. एकदा बाजूची तार होडीच्या काठाखाली अडकली आणि काठी अर्ध्यावर अडून राहिली, ना वर ना खाली. साहेब घाम पुसत म्हणाले, "कागदावर उठते हो ही."

त्या दिवसांत माझं डोकं एवढ्या एकाच गोष्टीसाठी चालायचं. बाकी सगळीकडे भिंत होती. घरी आलो की खराट्याची एक हीर घ्यायचो, पाटाला टाचणीने टोचायचो, टोकाला दोरा बांधायचो आणि ओढत बसायचो. आडवी असली की उठायची नाही. बोटाने जरा उचलून दिली की मग दोऱ्याने यायची, पण बाजूला पडायची. आई चुलीपाशी बसून बघायची. शेजारीण आली तर तिला हळूच म्हणायची, "बसू दे. गप बसलाय तर बसू दे."

पौष लागला तेव्हा मला म्हशाची जत्रा आठवली. म्हशाला पौषी पुनवेला मोठी जत्रा भरते, गुरांचा बाजार भरतो. पाळणेवाले येतात, तंबूत सिनेमा दाखवणारे येतात. त्यांचे खांब माझ्या काठीच्या दुप्पट असायचे आणि ते चार-पाच माणसांत उभे करायचे. मी लहानपणापासून ते उभे झालेलेच बघत आलो होतो. उभे कसे करतात ते बघितलं नव्हतं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस सुटी दिली.

आईला सांगितलं, "म्हशाला जातोय." तिचा चेहरा बदलला. तिने दुसरा काही अर्थ घेतला आणि मी तो घेऊ दिला. तिने पेटीतून एक अंगडं आणि टोपडं काढलं. बायकोच्या हिरव्या चोळीच्या खणाचं शिवलं होतं, कधी शिवलं देव जाणे. फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं.

"मोठं झालंय जरा," म्हणाली, "पण वाढंल ती."

शहापूरहून किन्हवलीची गाडी, तिथून पुढे मुरबाड, आणि मुरबाडहून जत्रेला निघालेल्या एका बैलगाडीत मागे पाय सोडून बसलो. पोचलो तेव्हा दुपार होती. जत्रा सुरू व्हायला दोन दिवस होते. दुकानांचे बांबू ठोकणं चाललं होतं, घाटावरून बैल उतरत होते. मी सरळ तंबूवाल्यांकडे गेलो.

त्यांचा मधला खांब जमिनीवर आडवा पडला होता. चाळीस फूट तरी असेल. त्याच्या बुडाशी त्यांनी आधी एक आखूड खांब उभा केला. दहा-बारा फुटांचा. मोठ्या खांबाच्या डोक्याला बांधलेला दोर त्या आखूड खांबाच्या माथ्यावरून घेतला आणि पलीकडे उतरवून खाली मेखेला अडकवलेल्या कप्पीतून ओढला. आखूड खांब पुढे कलत गेला तसा मोठा खांब मागून उठत आला. चार माणसं दोराला आणि दोन-दोन माणसं बाजूच्या दोरांना. बस्स.

मुकादम घाटावरचा होता, डोक्याला फेटा. मी त्याला विचारलं, "हा आखूड खांब कशाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "पावनं, झोपलेल्या मानसाचं पाय धरून वडलं तर उठतोय का त्यो? फरफटत जाईल. उठवायचा तर हात वरनं धराय लागतोय. ह्यो आमचा वरचा हात."

"आणि बाजूला पडत नाही?"

"बाजूची मानसं झोपली तर पडतोय की," तो म्हणाला आणि हसला.

मी त्याला पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं असतं, पण ते दुसऱ्या खांबाकडे वळले. मी तोही बघितला. मापं मनात घेतली. आखूड खांब मोठ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर होता. उन्हं कलली तोवर मी तिथेच होतो.

बहिणीचं गाव तिथून दोन मैल. वाट ओळखीची, ओढा ओलांडला की माळ आणि माळावरून घरं दिसतात. मी ओढ्यापर्यंत गेलो. फडकं माझ्या काखेत होतं. ओढ्यात पाणी थोडंच होतं, दगडांवरून पाय न भिजवता जाता आलं असतं. मी दगडावर बसलो. कुणी बायका धुणं घेऊन गेल्या. मी मनात म्हणत होतो, आता ऊठ. आणि काही झालं नाही. भीती नव्हती, राग नव्हता, दुःख म्हणतात तेही नव्हतं. पाय उठले नाहीत एवढंच. मग पाय उठले तेव्हा ते मागे वळले. मुरबाडच्या एका गाडीवानाने मला गाडीत घेतलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कशी हाय?"

"बरी आहे."

"दिलंस?"

"दिलं," मी म्हटलं. फडकं मी कारखान्यात रंध्याच्या पेटीखाली ठेवून आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि, एवढं सोपं आपल्याला सुचलं नाही म्हणून, कपाळावर हात मारला. मी सागाच्या दोन सात फुटी वाश्यांची कैची केली, घराच्या छपराला करतो तशी. एकच खांब असता तर तोच बाजूला कलला असता. कैचीचे दोन पाय होडीच्या दोन काठांवर टेकले की कलायचा प्रश्न नाही. पुढचा दोर काठीच्या वरच्या भागातून कैचीच्या माथ्यावर, तिथून पुढच्या टोकाला कप्पीत. करून बघितलं. पहिल्याच ओढीला काठी टपावरून उठली. तांडेल म्हणाला, "च्यायला!"

पण अर्ध्यावर बाजूला झुकणं तसंच होतं. तंबूवाल्यांसारखी बाजूला माणसं उभी करावीत तर होडी पाण्याच्या काठाशी, उतारावर. माणसांना उभं राहायला जागा नाही. बाजूला दोर बांधून टाकावेत तर ते काठी उठताना कधी ढिले पडत, कधी इतके ताणले जात की काठी थांबे.

त्याचं उत्तर मला बंगल्यावर मिळालं. साहेबांच्या खोलीचं दार अडत होतं म्हणून दुरुस्तीला गेलो होतो. खालची बिजागरी कुणीतरी पाव इंच बाहेर बसवली होती. दोन बिजागऱ्या एका रेषेत नसल्या तर दार उघडताना एक ओढते आणि दुसरी ढकलते, हे सुतारकाम शिकणारा पहिल्या महिन्यात शिकतो. मी स्क्रू काढता काढता थांबलो. होडीच्या बाजूच्या दोरांच्या कड्या काठीच्या बोल्टाच्या मागे होत्या आणि वीतभर खालीही. तीही एक बिजागरीच होती, रेषेबाहेर बसवलेली.

मी दार तसंच ठेवून होडीकडे गेलो. बोल्टाच्या दोन्ही टोकांना सरळ सुतळी धरली आणि ती दोन्ही काठांपर्यंत नेली. सुतळी काठाच्या नऊ इंच वरून जात होती. तेवढ्या उंचीच्या दोन खुंट्या काठांवर बोल्ट मारून बसवल्या, त्यांच्या माथ्याला बरोबर सुतळीच्या रेषेत कड्या ठोकल्या आणि काठीच्या मध्यापासून दोन दोर त्या कड्यांना ताणून बांधले. आता काठी आडवी असो, अर्धी असो, उभी असो, दोरांची लांबी तेवढीच. तारा अडकू नयेत म्हणून जिथे अडकायच्या तिथे एक गोल लाकडी पट्टी ठोकली. सगळ्याला तीन दिवस लागले. डावा हात बांधलेला होता म्हणून, नाहीतर दीड दिवसाचं काम.

चौथ्या दिवशी दुपारी उभी करायचं ठरलं. साहेब, तांडेल, मजूर, बंगल्यावरचा खानसामा, सगळे जमले. मी कैचीचे पाय तपासत होतो तेव्हा बांधावरून माझी बहीण येताना दिसली. बरोबर कुणी नव्हतं. पोरांना जावेजवळ ठेवून पहाटेची निघाली असणार. ती उतारावर एका बाजूला उभी राहिली.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, चला."

होडीत या वेळी कुणीच चढलं नाही. तांडेलने एकट्याने पुढचा दोर ओढला. काठी उठली. वारा होता, काठी जराशी थरथरली आणि दोन्ही दोरांच्या मध्ये सरळ राहिली. एका हाताने दोर धरून तांडेलने मध्येच थांबून दाखवलं, अर्ध्यावर, दुसऱ्या हाताने कान खाजवला आणि पुन्हा ओढलं. काठी उभी झाली. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझा चांगला हात हातात घेऊन हलवला. मला वाटलं, झालं. आनंद होईल असं वाटलं होतं. "झालं" एवढंच वाटलं.

मग मी बहिणीकडे गेलो. तांडेल जवळच दोर गुंडाळत होता.

"दादा, म्हशाला आलतास?" तिने विचारलं.

"हो."

"आमचे हे जू विकायला जागा धराया गेलते बाजारात. त्यांनी बघितला तुला. मी म्हनले, नाय, दादा नसंल. दादा आला तर घरी येल." ती थांबली. "कशाला आलतास?"

"खांब बघायला. या काठीसाठी."

तिने मान वर करून काठीकडे बघितलं. मला वाटलं आता ती शिव्या देईल.

"दोन मैल रे," ती म्हणाली. "दोन मैलांवर हाय तुझी पोर. वैनी गेली त्याला दोन महिने झाले. पोरीला नाव नाय अजून. तुझी वाट बघतू आमी. सासू म्हनते, बाप नाय काय तिला?"

"मी ओढ्यापर्यंत आलो होतो."

"मग?"

"मग माहीत नाही."

ती रडली नाही, मीही नाही. तिने पदर कमरेला खोचला. शेवटी ती म्हणाली, "आयतवारी नाव ठेवतू. येशील तर ये. नाय आलास तर मी ठेवीन, पन मग बोलू नको, माझी पोर म्हनून."

पाणीही न पिता ती बांधावरून परत गेली. तांडेलने सगळं ऐकलं होतं. घरी कोण कोण, हे त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. संध्याकाळी काठी उतरवून झाल्यावर त्याने एक विडी पेटवून माझ्या हातात दिली आणि निघून गेला. मी विडी ओढत नसे. त्या दिवशी ओढली.

रविवारी मी गेलो. रंध्याच्या पेटीखालचं फडकं बरोबर घेतलं. ओढा ओलांडला तेव्हा पाय भिजले, कारण दगडांकडे माझं लक्ष नव्हतं.

बहिणीच्या ओटीवर बायका जमल्या होत्या. पाळणा आढ्याला टांगला होता आणि त्यात ती होती. मी बघितलं. डोळे उघडे होते, छपराकडे बघत होती. कुणासारखी दिसते ते मला कळलं नाही. पाळण्याचा एक दोर दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड होता, त्यामुळे तो डोक्याकडे कलला होता. मी वर हात घालून गाठ सोडायला लागलो. बायका हसल्या, सुतार तो सुतारच. बहीण माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाळना सोड दादा. पोर घे."

मी घेतली. चार-पाच शेर असेल. मान धरायची असते हे मला माहीत नव्हतं, बहिणीने माझा हात तिथे नेऊन ठेवला. पट्टी बांधलेल्या बोटांवर तिचं डोकं होतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती बोटं ठणकली. खूप ठणकली. मी तिला तशीच धरून उभा राहिलो.

"नाव काय ठेवायचं?" बहिणीने विचारलं.

मी काही ठरवून गेलो नव्हतो. नाव बहिणीनेच ठेवलं. अंगडं मोठं झालं होतं, पण तिने ते घातलंच.

मोजणीचं काम उन्हाळा संपेपर्यंत चाललं. काठी रोज उभी राहिली, रोज आडवी झाली, कुणाला ओरखडाही आला नाही. पावसाच्या आधी होडी मुंबईला परत गेली, कैची आणि खुंट्या तिच्याबरोबर. जाताना तांडेलने मला वाळवलेल्या बोंबिलांचा एक जुडगा दिला आणि म्हणाला, "ऱ्हाव बरा." साहेबांचं एक पत्र आलं, मग नाही आलं.

माझी बोटं बरी झाली. एक वाकडं राहिलं. पहिल्यासारखं जेवणात मीठ कळायला लागलं ते कधी, हे मला आठवत नाही. एक दिवस आमटी खारट लागली आणि मी आईला तसं म्हटलं.

मी दर महिन्याला बहिणीकडे जायचो. मुलीला आणायचं असं दरवेळी ठरायचं आणि दरवेळी राहायचं. आईचं वय झालेलं, मी दिवसभर कामावर, लोक कारणं देत आणि मी ती घेत असे. बहिणीची पोरं मला मामा म्हणायची, म्हणून तीही मामा म्हणायला लागली. कुणी तिला टोकलं नाही. मीही नाही. पुढे बहिणीने तिला जवळ बसवून खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खेळायला गेली. तरी मामाच म्हणायची.

सात वर्षांची झाल्यावर शाळेसाठी तिला आमच्याकडे आणली. बहीण गाडीपर्यंत सोडायला आली आणि तोंड फिरवून उभी राहिली. घरी पोचल्यावर मुलीने आपली पिशवी दारातच धरून ठेवली. आई तिच्या पायांवर पाणी घालत होती.

"मामा," तिने विचारलं, "पिशवी कुठं ठेवू?"

मी खुंटी दाखवली. तिचा हात पोचत नव्हता. मी खुंटी उपटून एक हात खाली ठोकली.